क्षमा करणे म्हणजे विसरणे काय?

मंडळीतील दोन घरांचे बिनसले की पाळकसाहेब आणि मंडळीचे वडील दोघांना समोरासमोर बसवितात. दोन्हीकडचे ऐकून घेतात, प्रार्थना करितात आणि शेवटी सांगतात, “झाले गेले विसरून जा.” दोघे हात मिळवून घरी जातात. पुष्कळदा सहा महिन्यांच्या आत एखाद्या लग्नात किंवा मयतीत तीच गोष्ट पुन्हा वर येते. मग आपण म्हणतो, ह्यांनी मनापासून क्षमा केलीच नव्हती. परंतु दोष त्यांच्या मनाचा की आपल्या सल्ल्याचा? क्षमा करण्याची आज्ञा प्रभूने दिली आहे, हे आपण सर्व जाणतो. विसरून जाण्याची आज्ञा त्याने दिली आहे काय? आणि दिली असती, तर ती पाळणे माणसाच्या हाती आहे काय?

बिदर आणि कलबुर्गी ह्या सीमेवरील जिल्ह्यांत राहणाऱ्या आपणां लोकांना हा प्रश्न केवळ भाऊबंदकीपुरता नाही. आपल्या गावागावांत एक मोठी आठवण अजून जिवंत आहे. वडीलधारी माणसे “रझाकारीच्या वेळी” असे म्हणून बोलू लागली की घरातील मुले जवळ सरकून बसतात. हैदराबाद संस्थानाच्या शेवटच्या दिवसांत लातूरचे वकील कासिम रझवी ह्यांच्या रझाकार संघटनेने खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ आणि हत्या केल्या. बसवकल्याण भागातील गोरटा येथे मे १९४८ मध्ये निरपराध ग्रामस्थांची कत्तल झाली. त्या गावात आज हुतात्म्यांचे स्मारक उभे आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि लोकांनी सुटकेचा श्वास घेतला.

पण गोष्ट तेथे संपली नाही. त्यानंतरच्या दिवसांत ह्याच जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगविण्यात आला, आणि ज्यांनी कधी काठीही उचलली नव्हती अशी कुटुंबे त्यात सापडली. भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी ह्यांची समिती पाठविली. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते गावोगाव हिंडले. पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी व नंतर संस्थानभर निदान २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड ह्या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ लागली, असा त्यांचा अंदाज होता. तो अहवाल अनेक वर्षे सरकारी दप्तरात राहिला. २०१३ साली दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो अभ्यासकांना पाहावयास मिळू लागला.

एवढे सारे घडून गेलेल्या भूमीत “विसरून जा” ह्या शब्दांचा अर्थ काय? ह्याचे उत्तर देण्यापूर्वी आपण आठवण म्हणजे काय, हे मानसशास्त्राच्या अभ्यासकांना विचारू. देवाने आपल्याला मेंदू कसा दिला आहे हे समजून घेण्यात श्रद्धेची हानी नाही.

पहिली गोष्ट ही की विसरणे हुकमाने होत नाही. अमेरिकेतील डॅनियल वेगनर ह्यांनी १९८७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितले. बिचाऱ्यांच्या मनात पुन्हा पुन्हा पांढरे अस्वलच येत राहिले. एक अस्वल मनातून घालविता येत नाही, तर ज्या विधवेने आपल्या दारात नवऱ्याचे प्रेत पाहिले तिला आपण “विसर” म्हणून कसे सांगावे?

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. विसरले तरी सर्व काही जात नाही. जिनीव्हा येथील डॉक्टर क्लापारेद ह्यांच्याकडे एक बाई होती. आजारामुळे तिला नवे काहीच लक्षात राहत नसे. डॉक्टर रोज भेटत, तरी ती त्यांना ओळखत नसे. एकदा डॉक्टरांनी बोटांमध्ये टाचणी लपवून तिच्याशी हात मिळविला. टाचणी टोचली आणि थोड्या वेळात ती ते विसरून गेली. पुन्हा डॉक्टरांनी हात पुढे केला तेव्हा मात्र तिने आपला हात झटकन मागे घेतला. का घेतला, हे तिला सांगता येईना. क्लापारेद ह्यांनी ही हकीकत १९११ साली प्रसिद्ध केली.

आज ह्याचा थोडाबहुत उलगडा झाला आहे. मेंदूच्या दोन्ही बाजूंना आत हिप्पोकॅम्पस नावाचे वळणदार भाग आहेत. कोठे, केव्हा, काय घडले ह्याची नवी आठवण बसविण्यास ते लागतात. त्यांच्या पुढे अ‍ॅमिग्डाला नावाचे बदामाच्या आकाराचे भाग आहेत. भय शिकण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की ज्याचा हिप्पोकॅम्पस निकामी झाला होता त्याला काय घडले हे आठवत नव्हते, तरी त्याचे शरीर भ्याले. आणि जिचा अ‍ॅमिग्डाला निकामी झाला होता तिला सर्व आठवत होते, पण भय वाटले नाही. म्हणजे घटनेची आठवण एका जागी आणि भीतीची आठवण दुसऱ्या जागी राहू शकते.

आता आपल्या घरांकडे पाहा. आजोबांना टाचणी टोचली होती. नातवाला ती टोचली नाही. टाचणी कोणी व का टोचली हेही त्याला धड माहीत नाही. तरी हात मागे घेण्याची सवय त्याने उचलली आहे. त्या मोहल्ल्यात जाऊ नको, त्यांच्याकडचे पाणी पिऊ नको, त्यांच्यावर विश्वास ठेवू नको, हे मूल कारण न कळताच शिकते. ही गोष्ट एका धर्माच्या लोकांपुरती नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून ख्रिस्ताकडे आले. त्यांना विहिरीवर चढू न देणाऱ्यांपैकी कोणालाही आपण का चढू देत नाही ह्याचे खरे कारण सांगता आले नसते. त्यांच्याजवळ कारण नव्हते, सवय होती. म्हणून “विसरून जा” हा सल्ला अपुरा आहे. कथा विसरली जाते, हात मात्र मागेच राहतो. आणि ज्याचे कारण आठवत नाही ती भीती तपासून पाहता येत नाही.

तर मग, सर्व काही आठवणीत ठेवावे आणि वारंवार सांगावे काय? येथे तिसरी गोष्ट आडवी येते. आठवण ही लाकडी पेटीत घडी घालून ठेवलेल्या लुगड्यासारखी नसते, की केव्हाही काढावी आणि ती होती तशीच निघावी. केंब्रिजचे प्राध्यापक बार्टलेट ह्यांनी १९३२ साली ह्या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांनी इंग्रज विद्यार्थ्यांना अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचावयास दिली आणि पुढे ती आठवून लिहावयास सांगितली. दर वेळी कथा लहान होत गेली. जे विद्यार्थ्यांना विचित्र वाटले ते गळून पडले. झाडाच्या होडग्याची साधी बोट झाली. थोडक्यात, परकी कथा हळूहळू इंग्रजी कथा झाली. कोणीही खोटे बोलत नव्हता. प्रत्येक जण आठवत होता, आणि आठवताना आपल्या साच्यात ती पुन्हा घडवीत होता.

प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दानेही आठवण बदलते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर ह्यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटार-अपघाताचा चित्रपट दाखविला. काहींना विचारले, गाड्या एकमेकींना “लागल्या” तेव्हा वेग किती होता? काहींना विचारले, गाड्या एकमेकींवर “आदळून चुराडा झाल्या” तेव्हा किती होता? दुसऱ्यांनी वेग जास्त सांगितला. एका आठवड्याने विचारले, फुटलेली काच पाहिली काय? “चुराडा” ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी होय म्हटले. “लागल्या” ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. चित्रपटात काच फुटलेली नव्हतीच.

ह्यावरून कोणी असे म्हणू नये की मग साक्षीदारांचे काहीच खरे मानावयाचे नाही. अपघात झालाच होता. गोरट्याला माणसे मेली, आणि सूडाच्या दिवसांतही माणसे मेली. तपशिलात चूक होते म्हणून ह्या गोष्टी पुसल्या जात नाहीत. ज्याने दुःख भोगले त्याला “तुला बरोबर आठवत नाही” असे सांगून गप्प बसविणे हा दुसरा अन्याय होईल. आमचे म्हणणे इतकेच की आठवण सांगणे हे एक काम आहे आणि त्या कामाची जबाबदारी सांगणाऱ्यावर आहे. नवव्या आज्ञेत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याची मनाई आहे. ती आज्ञा कचेरीतल्या कठड्यापुरती नाही. रात्री अंगणात नातवंडांना गोष्ट सांगणाऱ्या आजोबांनाही ती लागू आहे.

शिवाय माणूस एकटा आठवत नाही. मोरिस हालब्वाक्स ह्या फ्रेंच विचारवंताने १९२५ साली दाखवून दिले की घर, धर्म, गाव ह्यांच्या चौकटीतच आपल्या आठवणी टिकून राहतात. ह्याचा पुरावा आपल्या भागाइतका स्पष्ट क्वचितच मिळेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन भाग झाले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा मुलूख आजच्या कर्नाटकात आला. उदगीर, निलंगा, अहमदपूर आज महाराष्ट्राच्या लातूर जिल्ह्यात आहेत. जहीराबाद आणि नारायणखेड तेलंगणात. सोयरीक तीच, देवळे आणि दर्गे तेच. पण १७ सप्टेंबर उजाडला की उदगीरला तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो, बिदरला २०१९ पासून कल्याण कर्नाटक उत्सव दिन असतो, आणि तेलंगणात कोणी त्याला मुक्तिदिन म्हणतो तर कोणी एकात्मता दिन. एका जिल्ह्याच्या एका दिवसाला इतकी नावे! आणि ज्या घरातील कर्ता पुरुष त्यानंतरच्या आठवड्यात मारला गेला, त्या घरात त्या दिवसाला कोणते नाव असेल?

प्रत्येक समाज आपले मेलेले मोजतो. आपल्या हातून मेलेले मोजणे कोणालाच आवडत नाही. आणि ह्या दोन्ही मोजण्यांत तिसरी एक गोष्ट गळून पडते. ती म्हणजे पलीकडच्या माणसाने आपल्यावर केलेला उपकार. सुंदरलाल समितीने आपल्या अहवालात लिहून ठेवले आहे की काही ठिकाणी हिंदूंनी स्वतःच्या जिवाची पर्वा न करता मुसलमान कुटुंबांना वाचविले. विशेषतः एकाच धंद्यातील लोक एकमेकांच्या पाठीशी उभे राहिले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, आणि त्यापायी त्यांच्यातील काहींचे प्राणही गेले. पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणण्यासही अनेक हिंदूंनी साहाय्य केले. ह्या विणकरांची कथा आपल्यापैकी किती जणांनी ऐकली आहे? ती खरी नाही म्हणून गळाली असे नव्हे. ती कोणाच्याच साच्यात बसत नाही म्हणून गळाली.

ते विणकर मोठे संत होते काय? ह्या ठिकाणी चौथा एक प्रयोग सांगणे भाग आहे, आणि तो आपणां देवाच्या घरातील लोकांना बोचणारा आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात डार्ली आणि बॅटसन ह्यांनी ४० विद्यार्थ्यांना, एकेकाला, दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटेसे भाषण करावयास पाठविले. काहींच्या भाषणाचा विषय चांगल्या शोमरोन्याचा दाखला हाच होता. वाटेत एक मनुष्य दारात कण्हत पडलेला होता. ज्यांना भरपूर वेळ आहे असे सांगितले होते त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना “उशीर झाला, लवकर जा” असे सांगितले होते त्यांच्यापैकी १० टक्केच थांबले. दाखल्यावर बोलावयास निघाल्याने फारसा फरक पडला नाही. हा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला.

ह्यातून निराश होण्याचे कारण नाही, पण नम्र होण्याचे आहे. १९४८ साली हत्यार उचलणारे राक्षस होते आणि आपण त्या जागी असतो तर वेगळे वागलो असतो, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? प्रसंग, घाई, भीती आणि जमाव ह्यांचे बळ फार मोठे असते. मग विणकर कसे टिकले? आमच्या समजुतीप्रमाणे, ते संकटाच्या दिवशी अकस्मात शूर झाले नाहीत. ज्याच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे सूत भरले, ज्याच्याकडून फणी उसनी घेतली, तो माणूस त्यांच्या दृष्टीने “त्यांच्यातला” राहिलाच नव्हता. तो आपल्यातला होता. शेजारी कोण, ह्याचे उत्तर त्यांनी रोजच्या कामात आधीच देऊन ठेवले होते. दाखला तोंडपाठ असणे आणि शेजारी ओळखीचा असणे ह्यांत दुसरी गोष्ट त्या दिवशी कामास आली.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. कोणी म्हणेल, देव आपली पापे पुन्हा स्मरणार नाही असे यिर्मयाच्या ३१ व्या अध्यायात आहे, मग आपणही विसरू नये काय? परंतु ज्या देवाने हे वचन दिले, त्याच्याच ग्रंथात दावीद राजाचे पाप उरिया हित्तीच्या नावासह लिहिलेले आहे. देव न स्मरणे म्हणजे त्याला विस्मृती होणे नव्हे. तो ते पाप आपल्याविरुद्ध हिशेबात धरीत नाही. हिशेब मिटविणे आणि वही फाडणे ह्यांत अंतर आहे.

योसेफाकडे पाहा. देवाने मला माझे कष्ट विसरावयास लाविले, असे म्हणून त्याने थोरल्या मुलाचे नाव मनश्शे ठेविले. पण भाऊ दारात येऊन उभे राहताच त्याला सर्व आठवले आणि तो आडबाजूला जाऊन रडला. अखेरीस त्याने भावांना क्षमा केली, तेव्हा “काही झालेच नाही” असे तो म्हणाला नाही. तुम्ही वाईट योजिले होते, हे त्याने स्पष्ट सांगितले. देवाने त्यातून भले केले, हेही सांगितले. आणि त्यांच्या लेकरांच्या पोटाची चिंता वाहिली. ही आहे क्षमा. तीत आठवण पुरी आहे, सूड मात्र नाही.

इस्राएल लोकांना देवाने मिसरातील गुलामगिरी आठवणीत ठेवण्याची वारंवार आज्ञा केली. कशासाठी? मिसऱ्यांचा सूड घेण्यासाठी नव्हे. तुम्हीही परके होता, म्हणून परक्याला छळू नका, असे निर्गम आणि अनुवाद ह्या पुस्तकांत स्पष्ट आहे. आपल्या वाडवडिलांनी सोसलेली शिवाशिव आपण आठवावी ती ह्याच कारणासाठी. आणि पहिल्या मंडळीने काय केले? पेत्र हा तिचा पुढारी. त्याने प्रभूला तीन वेळा नाकारले ही गोष्ट झाकून ठेवणे सोपे होते. तरी चारही शुभवर्तमानांत ती लिहिली आहे. जी मंडळी आपल्या पुढाऱ्याची चूक दर वर्षी उत्तम शुक्रवारच्या सुमारास वाचून दाखविते, तिने आपल्या गावाची आणि आपल्या घराची चूक ऐकावयास का भ्यावे?

ह्यासाठी रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना आम्ही काही सूचना करितो. १९४८ साली जी दहा वर्षांची होती ती माणसे आता नव्वदीच्या जवळ आली आहेत. मोठ्या मुलांना त्यांच्याकडे पाठवा. मुलांनी तीन प्रश्न विचारावेत. हे आपण स्वतः पाहिले की ऐकले? त्या वेळी पलीकडच्या कोणी आपल्याला मदत केली काय? आपल्या लोकांपैकी कोणाकडून काही वाईट घडले काय? पहिला प्रश्न साक्ष शुद्ध ठेवील, दुसरा उपकार वाचवील, तिसरा गर्व मोडील. जो बोलू इच्छीत नाही त्याला बळे बोलते करू नये. दुखावलेल्याला लवकर क्षमा कर म्हणून घाई करू नये. क्षमा ही त्याने द्यावयाची देणगी आहे, आपण वसूल करावयाची पट्टी नव्हे. आणि क्षमेमुळे न्याय रद्द होत नाही, हेही मुलांना सांगावे. शब्द जपून वापरावेत. “ते लोक असेच” ह्या तीन शब्दांत एका माणसाचा गुन्हा सबंध समाजाच्या माथी जातो.

आणि केवळ शिकविणे पुरणार नाही, हे त्या ४० विद्यार्थ्यांनी दाखवून दिले आहे. हात मागे घेण्याची सवय भाषणाने सुटत नाही. पुढे केलेला हात पुन्हा पुन्हा हाती यावा आणि त्यात टाचणी नसावी, तेव्हाच भीतीला नवे काही शिकता येते. म्हणून शेतात, बाजारात, शाळेच्या कमिटीत, आजाऱ्याच्या उशाशी, दुसऱ्या जातीच्या व धर्माच्या शेजाऱ्याबरोबर काम करण्याची जी संधी देव देईल ती दवडू नये.

प्रभूने ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले त्याच रात्री आपल्या स्मरणार्थ मेज मांडिले. त्या मेजावरील भाकर मोडलेली आहे. जखम तेथे लपविलेली नाही. प्रत्येक प्रभुभोजनाच्या वेळी आपण त्याचा मृत्यू आठवतो, तो कोणी घडविला हे आठवतो, त्यात आपलाही वाटा होता हे कबूल करितो, आणि तरीही शांतीने उठून जातो. सर्व आठवून, कोणाविरुद्ध हिशेब न धरिता उठण्याची ही रीत आपल्याला शिकविलेली आहे. ती आपण चर्चच्या दाराबाहेर, आपापल्या गावच्या वेशीपर्यंत न्यावी, एवढीच आमची विनंती आहे.